पांढऱ्या कोंबड्याची पिसे
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकासाठी काहीतरी लिहून द्या, असे मराठीच्या सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मैत्रिणींनी पहिला पाऊस, आईचे हात, कॉलेजचा पहिला दिवस असे विषय भराभर वाटून घेतले. माझ्या वाट्याला काही उरले नाही. एक गोष्ट होती. पण ती सांगायची तर आधी एक चोरी कबूल करावी लागते. तर ती करतेच. गेल्या आश्विनात आमच्या घरच्या, नवसासाठी राखलेल्या पांढऱ्या कोंबड्याची सात पिसे मी उपटली.

कशासाठी, ते सांगण्यापूर्वी थोडे घरचे सांगायला हवे.

आमचे गाव पनवेल खाडीच्या काठी. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून उतरते, देहरंगच्या धरणात जरा विसावते, पनवेल शहराच्या अंगाला घासून खाडीला मिळते. तिथून पुढे पाणी कोणाचे, नदीचे की समुद्राचे, हे घड्याळावर ठरते. आमच्या गावची भातशेती भरतीच्या पातळीच्या खाली होती. मातीचा लांबच लांब बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवायचे आणि पावसाचे गोडे पाणी निघून जावे म्हणून बांधात उघाडी ठेवायची, ही आगरी माणसाची जुनी विद्या. उघाडीची झडप मोठी गमतीची असते. तिला राखणदार लागत नाही. भरती आली की बाहेरचे पाणीच तिला दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून उघडते. आता शेती नव्या मुंबईत गेली, झडप कुजून पडली, उघाडीचे दगडी तोंड तेवढे उरले. बांधाच्या आत तिवरे माजली आहेत. भरतीला पाणी त्या तोंडातून आत शिरते आणि ओहोटीला धावत बाहेर येते. वाचकहो, ही जागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आई मासळी विकते. रात्री दोन वाजता उठून बाबांच्या टेम्पोतून गावातल्या चार-पाच बायका मुंबईला भाऊच्या धक्क्यावर जातात आणि उजाडता उजाडता पनवेलच्या बाजारात पाट्या मांडून बसतात. खाडीकाठच्या बायकांनी मुंबईचे बर्फातले पापलेट विकायचे, याचे आजाला फार हसू येते. आजा म्हणजे बाबांचे वडील. ऐंशीच्या पुढे गेले. डोळ्यांत मोतीबिंदू, एका डोळ्याचा काढला, पण माणूस ओळखतात ते आवाजावरून. तरुणपणी गळाचा जिताडा धरावा तर त्यांनीच, असे गावातले म्हातारे अजून सांगतात.

घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. माझ्या शिक्षणाबाबत आईचा एकच नियम आहे. अभ्यास किती केला, मार्क किती पडले, यातले ती काही विचारत नाही. मासळीला हात मात्र लावू देत नाही. याला कारण मीच. अकरावीत असताना बसमध्ये शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावून उठली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली, हे मी घरी येऊन बोलून गेले. आई काहीच म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बोंबील साफ करायचेसुद्धा तिने माझ्याकडून काढून घेतले. चुकून कधी पाटीला हात लागलाच तर चिंच चोळून हात धुवायला लावते आणि स्वतः नाकाशी नेऊन पाहते.

आता पुस्तकाची गोष्ट. पहिल्या वर्षी इंग्रजीत मी काठावर पास झाले. इंग्रजीच्या सरांनी सांगितले, काहीही वाच, पण रोज दोन पाने इंग्रजी वाच. आता ‘काहीही’ म्हणजे काय, हे त्यांनी सांगितले नाही. बाजारात आईच्या मागे एक रद्दीवाला बसतो. मासळी बांधायला कागद त्याच्याकडूनच घेतात. त्याच्या ढिगात मला एक जाड पुस्तक सापडले. कव्हर नाही, सुरुवातीची सोळा पाने नाहीत, पण आत गळांची चित्रे. वीस रुपये म्हणाला. आईने पंधराला पाडले. आत काय आहे हे तिला कळले असते तर एक रुपयालाही घेऊ दिले नसते.

पुस्तक ट्राउट नावाच्या माशाविषयी होते. हा थंड, वाहत्या पाण्याचा मासा. आपल्याकडचा नव्हेच. १९०० साली त्याची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरला आणली गेली, पुढे निलगिरीतही तो वाढवला गेला. आमच्या गाढीच्या पाण्यात तो उबेनेच मरेल. या माशाला पकडायला परदेशी लोक गळाला गांडूळ न लावता पिसे, लोकर, केस बांधून खोटी माशी करतात. ही युक्ती आजकालची नाही. एलियन नावाच्या रोमन लेखकाने अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बसवतात. कोंबडा तेव्हापासून या कामाला लागला आहे.

एक सबंध प्रकरण ‘स्ट्रीमर’वर होते. ही माशी माशीसारखी नसतेच. ती लहान माशाची नक्कल असते. मोठा ट्राउट किडे खाऊन खाऊन कंटाळतो म्हणा, किंवा त्याचे पोट त्यात भरत नाही म्हणा, तो लहान मासे खाऊ लागतो. त्याच्यासाठी हे लांब पिसांचे सोंग. शब्दकोशात स्ट्रीमर म्हणजे पताका. मला ते आवडले. मी तिला पताकाच म्हणू लागले.

शब्दकोशाने सगळीकडे अशी साथ दिली नाही. ‘हॅकल’ शब्दाखाली पहिला अर्थ होता जवसाचे तंतू विंचरायची फणी. तीन दिवस मी विचार करत होते की हे लोक गळाला फणी कशी बांधतात! चौथ्या दिवशी खालचा दुसरा अर्थ वाचला, कोंबड्याच्या मानेवरची पिसे, आणि एकटीच हसले. ‘शँक’ म्हणजे नडगी. गळालाही नडगी असते, हे किती बरोबर आहे. वर्गात जी इंग्रजी वाक्ये मला दगडासारखी वाटत, ती इथे हलू लागली, कारण त्यांच्यामागे काय आहे हे मला ठाऊक होते. पाणी अरुंद तोंडातून वेगाने बाहेर पडते, त्याच्या बाजूला एक निवांत भोवरा असतो, मोठा मासा तिथे तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो आणि वाहून येणाऱ्या पोरासोरांची वाट पाहतो, असे त्यात वर्णन होते. चित्रात दगडी पूल होता. पुलाच्या जागी उघाडी ठेवली की तो ट्राउट नव्हताच. तो आमचा जिताडा होता.

जिताडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. रुपेरी अंग, डोक्याकडे निमुळता, पाठ कमानदार, तोंड मोठे. बंगाल्यांची भेटकी ती हीच, ऑस्ट्रेलियातला बारामुंडीही हाच. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालतो आणि त्याची पिल्ले भरतीबरोबर आत येतात. रायगड जिल्ह्यात ती धरून गावच्या तळ्यांत वाढवतात. प्राणिशास्त्राच्या एका मैत्रिणीने सांगितले की बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाले की मादी होतात. हे आजाला सांगितले तर म्हणाले, “म्हनून मोठा जिताडा एवढा शहाना असतो.” पूर्वी कोणाचे सरकारी काम अडले की साहेबाच्या घरी जिताडा पोचवायचा, असेही जुनी माणसे हसत हसत सांगतात.

माझेही काम अडले होते. परीक्षेच्या फॉर्मची फी भरायची होती आणि सवलतीचा कागद कुठल्याशा टेबलावर पडून होता. अकराशे रुपये. श्रावण, गणपती, नवरात्र असे ओळीने आले की मासळीवाल्या बाईच्या घरात पैशांचा डबा वाजायचाच थांबतो. आईला मागितले असते तर तिने कुठूनही आणले असते, म्हणूनच मागवत नव्हते. अडीच-तीन किलोचा एक जिताडा, किलोला सातशेच्या भावाने. हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला. तोपर्यंत पताका हा अभ्यासातला विरंगुळा होता. त्या दिवसापासून ती गरज झाली.

सामान असे जमवले. गळ पनवेलच्या दुकानातून, लांब नडगीचे, तीन. अंगासाठी काकूच्या जुन्या शालूची रुपेरी जर. फॉल शिवायचा दोरा आईच्या डब्यातला. परदेशात हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. मी खाटकाकडून पांढऱ्या बोकडाच्या शेपटीचे मूठभर आणले. शेगडा कुठून आणणार? बाबांच्या टेम्पोतली पक्कड घेतली, तिच्या मुठींना सायकलच्या ट्यूबचे रबर घट्ट गुंडाळले आणि ती जात्याखाली दाबून ठेवली. गळ तिच्या चिमट्यात पक्का बसला. मोबाईलवर हे सगळे पाहायला मिळते हे मला ठाऊक आहे. एकदा पाहिलेही. तिथे त्या माणसाच्या मागे पिसांची भिंतच होती. मी पुन्हा माझ्या फाटक्या पुस्तकाकडे वळले.

पिसे मात्र कोंबड्याचीच हवीत, आणि तीही म्हाताऱ्या नराच्या पाठीवरची, शेपटीपाशी दोन्ही अंगांनी गळतात ती लांब, अरुंद. ब्रॉयलर कोंबड्याला अशी पिसे येईपर्यंत जगूच देत नाहीत. आमच्या घरी एकच कोंबडा तेवढा म्हातारा होता, कारण तो देवाचा होता. दुपारी आई झोपली असताना मी त्याला टोपलीखाली धरला. त्याने जो आरडाओरडा केला तो साऱ्या आळीने ऐकला असेल. आई जागी झाली नाही, निदान तसे दाखवले तरी. संध्याकाळी दाणे टाकताना म्हणाली, “याला मांजरानं धरला वाटतं.” आणि माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

बांधायची रीत अशी. पिसाच्या बुडाशी कापसासारखा भाग असतो तो काढून टाकायचा. पिसांना अंगचा बाक असतो. म्हणून दोन-दोन पिसे आतली अंगे एकमेकांकडे करून जुळवायची, म्हणजे बाक बाकाला मारतो आणि शेपूट सरळ राहते. चार पिसे गळाच्या वळणापाशी बांधली. नडगीवर जर गुंडाळली. डोक्यापाशी बोकडाचे केस चहूबाजूंनी पसरून बांधले, वर मोरपिसाचे दोन तंतू ठेवले, कारण लहान माशाची पाठ काळपट असते आणि पोट पांढरे. शेवटी दोऱ्याच्या डोक्यावर नेलपॉलिश, पांढरा ठिपका, त्यात काळा. डोळा. पुस्तकात म्हटले होते की डोळ्याशिवाय सोंग पुरे होत नाही. अमेरिकेत लेफ्टी क्रे नावाच्या माणसाने १९५० नंतरच्या दशकात अशीच एक पताका खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी केली. तिचे नाव ‘डिसीव्हर’, म्हणजे फसवणारा. १९९१ साली तिच्या चित्राचे टपाल तिकीटही निघाले. फसवणुकीचा असा जाहीर सन्मान दुसरीकडे कुठे झाला असेल असे वाटत नाही.

माझी पहिली पताका हातात घेतल्याबरोबर सुटली. दुसरीही. शेवटची गाठ मला येत नव्हती. पुस्तकात तिची सात चित्रे होती आणि सातही चित्रांत दोरा कुठून कुठे जातो ते कळत नव्हते. ओटीवर आजा बसले होते. त्यांनी विचारले, “काय गो बाय, सकालधरनं काय पुटपुटतंस?” मी चोरी सांगितली, पुस्तक सांगितले, गाठ सांगितली. त्यांनी पक्कडीसकट गळ मांडीवर घेतला. बोटांनी चाचपला. मग दोऱ्याचा एक फास नडगीवर आडवा धरला, त्याच्यावरून त्याच दोऱ्याचे पाच वेढे दिले आणि शेपूट ओढून घेतले. गाठ दिसेनाशी झाली. तंगूसला गळ बांधायची ही आमची नेहमीचीच गाठ. सात चित्रे मी इंग्रजीत वाचत होते म्हणून ती मला ओळखू आली नव्हती.

पण पताका चाचपून पाहिल्यावर त्यांचा चेहरा उतरला. “यात खायला काय हाय?”

“काही नाही आजा. नुसती पिसे.”

“मंग त्यानं तोंड कनाला उघडायचं?”

मी म्हटले, फसून. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमी पन फसवलं. पन जिती कोलंबी लावायचो. गेला सुटून तर कोलंबी तरी त्याच्या पोटात. रिकाम्या हातानं कुनाला बोलवू नये.” माझ्याकडे याला उत्तर नव्हते. अजूनही नाही. जिवंत कोळंबीच्या पाठीतून गळ घालणे हे दयेचे, आणि पिसे दाखवणे हे लबाडीचे, असे मी मानत नाही. पण आजांच्या बोलण्यात काही खोटे होते असेही म्हणवत नाही.

याच सुमारास ग्रंथालयात ते पुस्तक वहीखाली लपवून वाचताना मराठीच्या सरांनी मला पकडले. मला वाटले आता बोलणी बसणार. सरांनी पाने चाळली आणि विचारले, “मानसोल्लास ठाऊक आहे ना?” ठाऊक होता, कांडण करताना महाराष्ट्रात बायका ओवी गातात, हा उल्लेख त्यातलाच, परीक्षेत येतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बारावे शतक, राजधानी कल्याणी. सर म्हणाले, त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद आहे. काठी कशी असावी, दोर कसा, गळ कसा, कोणत्या माशाला कोणते आमिष, हे सगळे त्या राजाने संस्कृतात लिहून ठेवले आहे, आणि माशांना आधी खाऊ घालण्याविषयीही. मी घरी येऊन आजाला हे सांगितले. “राजाला कलत होतं,” एवढेच ते म्हणाले. पण नऊशे वर्षांपूर्वीचा राजा आपल्या बाजूने आहे याचा त्यांना आनंद झालेला दिसला. मला झालेला आनंद वेगळा होता. ओवी आणि गळ एकाच पोथीत आहेत आणि कोणी रुमाल लावून उठलेले नाही.

वेळ आजांनी काढून दिली. आमच्याकडे भरतीला पंचांग लागते, घड्याळ नंतर. तिथीला तीनाने गुणायचे, चाराने भागायचे. जे येईल तितक्या वाजता भरती पुरी. आश्विन वद्य चतुर्थी, म्हणजे तीन वाजता. खाडीत आमच्यापर्यंत यायला आणखी थोडा वेळ. पाच-साडेपाचला ओहोटीला ओढ लागणार, सूर्य तेव्हा खाली असणार. अडचण एकच. ती संकष्टी होती. संकष्टीला गळ टाकायला जायचे हे आईला कळले असते तर कोंबड्याच्या आधी माझा नवस फिटला असता. तारीख होती १० ऑक्टोबर २०२५. दोनच दिवसांपूर्वी खाडीच्या त्या अंगाला नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले होते. तो बांधताना उलव्याची टेकडी सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे उठली. आमचे गाव त्यात नव्हते. आजा मात्र टेकडी नाही हे मानत नाहीत. त्यांना ती दिसत नव्हतीच, त्यामुळे त्यांच्यापुरती ती अजून आहे.

कॉलेजहून आले ती आजाला हाताला धरून बांधावर घेऊन गेले. जुन्या पागाची एक शिशाची गोळी दातांनी दाबून पताकेच्या थोडी वर बसवली, कारण नुसते पीस फेकले जात नाही. परदेशी लोक त्यासाठी जाड, वजनदार दोर वापरतात, माझ्याकडे पाण्याच्या बाटलीवर गुंडाळलेला तंगूस होता. उघाडीच्या तोंडातून पाणी गढूळ, फेसाळत बाहेर येत होते. पताका प्रवाहात आडवी टाकायची, पाण्याला ती वाहून वळवू द्यायची, वळण संपत आले की हातभर ओढायचे, थांबायचे, पुन्हा ओढायचे. थांबते तेव्हाच ती खरी दिसते. ओल्या पिसांचे अंग आकसून निमुळते होते, शेपटी आपोआप हलते, जर एकदा चमकते. मी काठावरून पाहिली आणि क्षणभर मलाच ती बोयटी वाटली.

अर्धा तास काही नाही. दोनदा पताका तिवरांच्या मुळ्यांत अडकली, एकदा प्लास्टिकची पिशवी निघाली. आजा बांधावर बसून पाण्याचा आवाज ऐकत होते. म्हणाले, “पान्यात नको टाकूस. पानी नि निवांत यांच्या मधी टाक.” पुस्तकातल्या दोन पानांचे एवढेच सार होते.

मग तो आवाज झाला. जिताडा चावत नाही. तो तोंड उघडतो आणि पाण्यासकट सगळे आत ओढतो. रिकाम्या हंड्यावर थाप मारावी तसा तो आवाज. आजा उभे राहिले. मी ओढले, आणि दोरी माझ्या बोटांतून कापत गेली. एकदा तो पाण्याबाहेर पूर्ण आला, डोके झटकले, मावळतीच्या उजेडात नुसता तांब्याचा पत्रा दिसला. त्याच्या गालाच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, दोरी तिच्यावर घासली तर संपले. “सैल नको सोरूस! उड्या मारंल तवा हात खाली!” आजा ओरडत होते आणि मी काय करत होते ते मला आता आठवत नाही. गुडघाभर चिखलात उभी होते एवढे आठवते. दहा मिनिटांनी तो कुशीवर आला. मी ओढणी हाताला गुंडाळून त्याला खालच्या जबड्यात धरला आणि वर आणला. आजांनी त्याच्या अंगावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला. “अडीच किलो,” म्हणाले. नंतर आईच्या काट्यावर तो दोन किलो सहाशे भरला.

घरी जाताना मी मनात पैसे मोजत होते. अठराशेवर वीस. फी जाऊन सातशे वीस उरतात. आईला एक साडी.

आई दारातच भेटली. माझे चिखलाचे पाय, हातातला मासा, आजांचा चेहरा, सगळे तिने एकदा पाहिले. संकष्टीचे ती काही बोलली नाही. मासा हातात घेतला, सवयीने कल्ला उघडून पाहिला. लालभडक. मग नाकाशी नेला. थांबली. पुन्हा नेला. आणि माझ्याकडे दिला.

रॉकेलचा वास होता. कल्ल्यात नव्हे, आतच, मांसात. वर कुठून तरी खाडीत काय येते, कोण सोडते, हे आम्हाला कोणी सांगितलेले नाही. वास मात्र येतो. गावात हे माहीत होते. म्हणूनच तर बायका धक्क्यावर जातात. मीच पुस्तकाच्या नादात विसरले होते, की विसरायचे ठरवले होते, कोण जाणे.

मी म्हटले, “आई, बर्फात ठेवून विकला तर कळणार नाही.”

“घरी नेऊन शिजवल्यावर कळंल ना,” ती म्हणाली. “माज्या पाटीतनं नाय जायचा हा.”

दुसऱ्या दिवशी तिने तो केला. टाकून देणार होती; आजांनी टाकू दिला नाही. चिंच जास्त घातली, आले-लसूण दुप्पट घातले. घरभर वास भरला. बाबांनी एक घास खाल्ला आणि टेम्पोचे काम आठवून उठले. मी तुकडा ताटातच फिरवत राहिले. आजांनी डोके मागून घेतले, बोटांनी काटे शोधत, सावकाश, सगळे खाल्ले. आई त्यांच्याकडे पाहत उभी होती.

सोमवारी सकाळी कॉलेजला निघताना तिने माझ्या दप्तरावर अकराशे रुपये ठेवले. कुठून आणले ते विचारले नाही. मग माझे हात धरून नाकाशी नेले. चिंच चोळून दोन दिवस झाले होते, तरी तिने पुन्हा धुवायला लावले. बसमध्ये मी खिडकीपाशी बसले आणि हात बाहेर ठेवला.

पताका गळावर तशीच आहे. पिसे चुरगळली, एक डोळा गेला, पण आजांची गाठ सुटलेली नाही. ती त्यांनी आपल्या तंबाखूच्या चंचीत ठेवली आहे. परवा ओटीवर बसल्या बसल्या विचारत होते, “बाय, तुज्या पुस्तकातल्या त्या माशाला कसला वास येतो गो?”

मी पुस्तक काढून पुन्हा सगळे चाळले. त्यात ते कुठे लिहिलेले नाही.